वाडा दुरुस्त करायचा आहे? आधी घरटॅक्सचा कागद काढा

गल्लीत कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, तुमचा वाडा इतका जुना, तुम्हाला टॅक्स माफ असेल ना?" माफ नाही. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाजवळ आमचा वाडा आहे. खाली दगडी जोतं, वर विटा-चुन्याच्या भिंती, सागवानी खांब, मधे चौक आणि मागच्या बाजूला अजूनही कवेलू, म्हणजे कौलं. बिल दर वर्षी येतं. त्यावर सामान्य कर असतो, शिक्षण कर असतो, पण "जुनं घर सांभाळल्याबद्दल सूट" असा रकाना मी कधी पाहिला नाही. तरीही दुरुस्तीच्या तीन वर्षांत आमचा कर उतरला, जास्त भरलेले पैसे पुढच्या बिलात वळते झाले आणि अंगावर येऊ शकला असता असा दंड टळला. हे सगळं नेहमीच्याच नियमांनी झालं. फक्त ते एका जागी लिहिलेले नसतात. एक कर विभागात सापडतो, दुसरा नगररचनेत, तिसरा आयकरात. मी बँकेत तेहेतीस वर्षं कागदच सांभाळले, तरी घराच्या कागदांकडे वळायला मला निवृत्ती यावी लागली. तुम्ही इतका उशीर करू नका.

मिस्त्री बोलवायच्या आधी करायची कामं आधी सांगते, कारण क्रम चुकला की पुढचं सगळं अडतं.

आधी नाव, मग थकबाकी

आमच्या बिलावर 2019 पर्यंत आजोबांचं नाव होतं. आजोबा 1974 साली गेले. बाबा दर वर्षी वेळेवर पैसे भरत आणि पावती फाइलला लावत. नाव बदलायचं त्यांना कधी सुचलं नाही, कारण पैसे तर भरले जातच होते. पण करात कसलीही दुरुस्ती मागायची, हरकत घ्यायची, तर अर्ज करणारा माणूस त्या मिळकतीचा कोण, हा प्रश्न पहिला येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मधल्या करआकारणी नियमांप्रमाणे मालक वारला तर वारसाने एक वर्षाच्या आत कळवायचं असतं, आणि खरेदी-विक्री झाली तर तीन महिन्यांच्या आत. आम्ही पंचेचाळीस वर्षं उशीर केला होता.

लागलेले कागद असे: आजोबांचा आणि बाबांचा मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नगर भूमापन कार्यालयातली आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), शेवटची टॅक्स पावती आणि सगळ्या हिस्सेदारांची संमती. अमरावतीच्या आत्याने आणि पुण्याच्या दादाने संमती दिली. आत्याला आपला हिस्सा सोडायचा होता, म्हणून तिचं हक्कसोडपत्र रीतसर नोंदवून घेतलं. नात्यात मोबदला न घेता वडिलोपार्जित घराचा हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, त्यामुळे साध्या कागदावर सह्या घेऊन काम भागवू नका. आणि एक लक्षात घ्या. टॅक्स बिलावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. मालकीसाठी आखीव पत्रिकाच पाहिली जाते. दोन्हीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग असू द्या.

थकबाकी असेल तर तिच्यावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. वर्षाला 24 टक्के झाले. बँकेतल्या माणसाला हा आकडा पाहून घाम फुटतो. दुरुस्तीसाठी पैसे बाजूला ठेवले असतील आणि टॅक्स थकला असेल तर आधी टॅक्स भरा. सागाच्या खांबाला सहा महिने टेकू देता येतो, या 2 टक्क्यांना कुठला टेकू लागणार? दर वर्षीची मागणी लवकर भरली तर जी सूट मिळते ती बिलावरच तारखेसकट छापलेली असते. तीही सोडू नका.

टेप घेऊन स्वतः मोजा

सगळ्यात जास्त फायदा मला इथं झाला, म्हणून इथं जरा थांबते.

कर ठरतो तो घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर. म्हणजे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती यावं, याचा अंदाज. त्यातून 10 टक्के वजा होतात आणि उरतं ते करयोग्य मूल्य. हे 10 टक्के कायद्याने दुरुस्तीच्या नावाने सोडलेले आहेत. भाडेमूल्य 60,000 धरलं असेल तर कर 54,000 वर लागायला हवा. तुमच्या कर निर्धारण पत्रकात ही वजावट दिसते का, ते पाहा. आणि भाडेमूल्य कशावर ठरतं? क्षेत्रफळ किती, बांधकाम कशाचं, वापर कशासाठी. जुन्या वाड्यात या तिन्ही ठिकाणी घोळ होऊ शकतो, कारण वाड्याचा आकार फ्लॅटसारखा सरळ नसतो.

कर निर्धारण पत्रकाची आणि मोजणीच्या नोंदीची प्रत महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात मिळकतीचा इंडेक्स नंबर देऊन मागा. सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मला प्रत मिळाली तेव्हा तळमजल्याचं क्षेत्र 1,460 चौरस फूट दिसलं. आकडा वाचून मी दोन मिनिटं चौकातच उभी राहिले. इतकं घर आमच्याकडे नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत भाच्याला टेपचं एक टोक धरायला लावलं. चौक 18 बाय 16, म्हणजे 288 चौरस फूट. वर उघडं आभाळ. मी खांबांच्या बाहेरच्या कडेपासून मोजलं. पावसाचं पाणी पडून दगडावर जी रेघ उमटली आहे, तिच्या आतला भाग उघडा आणि बाहेरचा छताखाली, असं डोळ्यांनाच दिसत होतं. मागचा गोठा 12 बाय 20, म्हणजे 240. तो तर मी कॉलेजात असतानाच पडला, आता तिथं कढीपत्ता आणि मोडक्या कवेलूंचा ढीग आहे. दोन्ही मिळून 528 चौरस फूट आम्ही वर्षानुवर्षं नसलेल्या छताचा टॅक्स भरत होतो. शिवाय बांधकामाचा प्रकार सगळ्या घराला "स्लॅब" असा लागला होता. 1986 साली बाबांनी रस्त्याकडच्या ओसरीवर स्लॅब टाकला होता, तेवढाच स्लॅब. बाकी सगळं पाटई (लाकडी फळ्यांचं छत) आणि कवेलू.

दोष कुणाला देणार? मोजणीच्या दिवशी आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो. शेजारच्या काकूंनी दारातूनच "हो हो, स्लॅबचं आहे" म्हणून सांगितलं, त्यांना ओसरीच दिसते. आणि गोठा पडल्याचं आम्ही कधी कळवलंच नव्हतं. बांधकाम पडलं किंवा पाडलं तर तशी लेखी सूचना द्यावी लागते आणि सूचना देईपर्यंत कर चालू राहतो, असा नियमच आहे. तुमच्या परसदारी पडका सोपा, संडास, गोठा असेल तर आजच अर्ज लिहा.

अर्जाला मी चार गोष्टी जोडल्या. हाताने काढलेला पण मापं लिहिलेला नकाशा. तेच मोजमाप आर्किटेक्टच्या सहीशिक्क्यानं. चौकातून वर आभाळ दिसेल असा फोटो. गोठ्याच्या जागेचा फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही, हे माझं बँकेतलं वळण इथंही कामी आलं. पुन्हा मोजणी झाली तेव्हा मी स्वतः टेप धरला.

कर वाढवायचा असेल किंवा नवी नोंद करायची असेल तर विशेष नोटीस येते. तिच्यावर हरकतीची मुदत लिहिलेली असते, साधारण 15 दिवस. ती वाचून देवघरात ठेवून देऊ नका. हरकत वेळेत लेखी घेतली असेल तरच पुढे त्याच अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं, आणि तिथं जाताना वादातली रक्कम आधी भरावी लागते. बहुतेकांचं काम हरकतीतच होतं. आमचंही झालं.

परवानगी: टॅक्स दुप्पट होतो तो इथं

परवानगी लागते तिथं ती न घेता वाढीव बांधकाम केलं तर कलम 267 अ खाली मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. म्हणून दुरुस्ती कुठं संपते आणि नवं बांधकाम कुठं सुरू होतं, ते आधी समजून घ्या. डिसेंबर 2020 पासून नागपूरलाही एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात गिलावा, रंग, फरशी बदलणं, कवेलू फेरणं अशा कामांना परवानगी लागत नाही. भिंत हलवली, मजला वाढवला, जिना दुसरीकडे नेला की नगररचना विभागाकडे जावंच लागतं.

घर वारसा यादीत असेल तर गोष्ट वेगळी. नागपूरला हेरिटेज संवर्धन समिती आहे, आणि यादीतल्या वास्तूंच्या श्रेणी आहेत. श्रेणी 1 मध्ये अगदी आवश्यक असेल तेवढंच करता येतं. श्रेणी 2 मध्ये आतले बदल आणि नवा वापर यांना वाव असतो, बाहेरचं रूप मात्र सांभाळावं लागतं. श्रेणी 3 त्याहून मोकळी. यादीत नाव यावं की नको, यावर महालातल्या घराघरात वाद होतात. "नाव लागलं की घर अडकलं" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं मत असं की अडकण्याची दुसरी बाजूही वाचा. यादीमुळे तुम्हाला वाढीव बांधकाम नाकारलं गेलं, तर तो न वापरलेला एफएसआय (जागेवर बांधता येणारं क्षेत्र) हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर म्हणून मिळण्याची तरतूद आहे. तो विकून आलेल्या पैशांतून सागवान आणता येतं. वर्षाच्या टॅक्समधली पाच-दहा टक्के सूट त्यापुढे काहीच नाही. पण हे मोठं काम आहे, त्याला वकील आणि आर्किटेक्ट दोन्ही लागतात.

आणखी एक कागद दुरुस्तीआधीच करून घ्या. बांधून 30 वर्षं झालेल्या इमारतीची पाहणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून प्रमाणपत्र द्यायचं असतं, कलम 265 अ. जुन्या वाड्यांना पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस येते ती कलम 264 ची. ती आली आणि तुमच्या हाती अहवाल नसेल तर "पाडा" आणि "दुरुस्त करा" यांत तुमची बाजू मांडायला काही उरत नाही. चुना आणि लाकूड ओळखणारा इंजिनिअर शोधा. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या एका ठेकेदाराने बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला होता. दुसऱ्या पावसाळ्यात आतून भिंत फुगली, बोट लावलं की पांढरी भुकटी. नंतर आलेले मिस्त्रीकाका म्हणाले, "ताई, या भिंतीतला ओलावा बाहेर निघा लागते. सिमेंटनं तुम्ही त्याची वाटच बंद करून टाकली न." सगळा गिलावा खरवडून चुना लावला, आणि आठ दिवस गोणपाट ओलं करून भिंतीवर टांगलं. तो खर्च दुप्पट झाला, आणि पहिल्या गिलाव्याची पावतीही नव्हती.

घर रिकामं असेल तर कळवा

मोठ्या दुरुस्तीत आम्ही सात महिने दादाच्या सासुरवाडीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहिलो. हा नियम मला बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितला: मिळकत किंवा तिचा वेगळी आकारणी झालेला भाग सलग 30 दिवसांपेक्षा जास्त रिकामा असेल, तर त्या काळातल्या करातला बराच भाग परत मागता येतो. अट एकच पण कडक: घर रिकामं केल्याची सूचना आधी लेखी दिलेली हवी. नंतर "आम्ही तेव्हा राहत नव्हतो" म्हणून चालत नाही. वीज मीटरचं रीडिंग, सामान हलवल्याची पावती, मोकळ्या खोल्यांचे तारखेचे फोटो जोडा. आत सामान कोंबून कुलूप लावलंत तर घर रिकामं ठरवणं कठीण जातं.

समोरची खोली दुकानाला दिली तर

खर्च भरून काढायला ओसरीलगतची खोली भाड्याने द्यावी, असं दादाचं म्हणणं होतं. द्या, पण हिशेब करून. बिगरनिवासी वापर झाला की त्या भागाचा दर वाढतो, शिक्षण कराचा दर वाढतो आणि निवासी घरांना नसलेला रोजगार हमी कर लागतो. हे दोन्ही राज्य शासनाचे कर आहेत, महानगरपालिका ते फक्त गोळा करते. म्हणून कधी "करात सूट" जाहीर झाली तर ती कोणत्या रकान्याला आहे ते नीट वाचा. आम्ही फक्त ती एक खोली वेगळी नोंदवून घेतली. नाहीतर एका शिलाई मशीनपायी सगळा वाडा व्यापारी ठरायचा.

मुंबईचे नातेवाईक म्हणतात, जुन्या इमारतीची दुरुस्ती म्हाडा करते. ती मुंबई शहरातली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा सेस भरणाऱ्या इमारतींची व्यवस्था आहे. नागपूरच्या वाड्याला ती लागू नाही.

आयकरात सुटतं ते

इथं थोडक्यात सांगते. घरात स्वतः राहत असाल, जुनी करप्रणाली घेतली असेल आणि दुरुस्तीसाठी कर्ज काढलं असेल, तर व्याजापैकी वर्षाला 30,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. भाड्याच्या भागाला भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो, आणि उरलेल्यावर 30 टक्के वजावट सरसकट मिळते, पावत्या न दाखवता. टॅक्स ज्या वर्षी भरला त्याच वर्षी वजा होतो, म्हणून मार्चअखेरची पावती जपा. पुढे कधी घर विकावं लागलं तर 1 एप्रिल 2001 पूर्वीपासूनच्या घराला त्या दिवसाची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यानंतर केलेलं खांब, तुळया, छत असं भक्कम काम खर्चात मिळवता येतं, रंगरंगोटी नाही. त्यासाठी पैसे चेकने द्या आणि बिलावर कामाचं वर्णन लिहून घ्या. आमच्या मिस्त्रीकाकांना बिल लिहायची सवय नव्हती. मीच दर शनिवारी वहीत "पूर्वेकडची तुळई बदलली, साग, 11 फूट" असं लिहून त्यांची सही घेत असे.

आपण काय मागावं

माझी भाची सॅन डिएगोला असते. कॅलिफोर्नियात 1972 पासून मिल्स ॲक्ट नावाचा कायदा आहे. जुन्या घराचा मालक आपल्या नगरपालिकेशी किमान 10 वर्षांचा करार करतो: मी घर या पद्धतीने सांभाळीन, ठरलेली दुरुस्ती करीन, पाहणी करू देईन. त्या बदल्यात त्याची करआकारणी वेगळ्या पद्धतीने होते आणि कर बराच उतरतो. करार दर वर्षी आपोआप एकेक वर्षाने पुढे सरकतो, आणि घर विकलं तरी घराबरोबर नव्या मालकाकडे जातो. मला यातलं सगळ्यात जास्त आवडलं ते हे की पैसे आधी आणि काम नंतर असं तिथं नाही. घरमालक काय करणार हे आधी कागदावर येतं.

महालात, इतवारीत कितीतरी वाडे असे आहेत जिथं माणूस एक खांब बदलतो आणि पुढच्या दोन वर्षांचं बजेट संपतं. तो पैसे खर्च करतो ते भोसलेकाळापासून चालत आलेल्या रस्त्याचं रूप टिकावं म्हणूनही, आणि बिल्डरला देऊन मोकळा झालेल्या शेजाऱ्याइतकाच मान त्याला मिळतो. मला हे खुपतं. म्हणून नगरसेवकांकडे जाताना "टॅक्स माफ करा" म्हणू नका. "सामान्य करात सूट द्या, बदल्यात आम्ही 10 वर्षांचा दुरुस्तीचा आराखडा लिहून देतो" असं म्हणा, आणि आराखडा सोबत न्या. मी माझा दोन पानी केला आहे: पहिली दोन वर्षं छत आणि पाण्याच्या पन्हाळी, मग तुळया, मग रस्त्याकडची भिंत, शेवटी दारं-खिडक्या. जिथून पाणी शिरतं ते आधी.

सगळे कागद आता एका निळ्या फाइलीत आहेत. मापं लिहिलेल्या नकाशाची एक प्रत मात्र मी दिंडी दरवाज्यामागच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, चौकावर लाल पेन्सिलीने "उघडा, 288" आणि ओसरीवर "फक्त इथं स्लॅब" असं लिहून. मी गावात नसले तर वहिनी कपाट उघडून तीच दाखवते. शेजारच्या काकूंनाही मी एकदा आत बोलावून चौक दाखवून ठेवला आहे.